शाश्वततेचा पेपर वेगळा कशाला?

कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवं पान आलं आहे. शाश्वत रचना, हरित तंत्रज्ञान, अक्षय ऊर्जा अभियांत्रिकी, पर्यावरणपूरक वास्तुरचना अशी नावं त्यावर असतात आणि ते पान वाचून प्रवेश घेणारी मुलंही आहेत. या मुलांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपण जे बनवू त्याची किंमत पुढे कोण मोजणार, हा प्रश्न ती अठराव्या वर्षी विचारतात. त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांना तो निवृत्तीपर्यंत सुचला नव्हता. माझी तक्रार आहे ती या प्रश्नाला कॉलेजांनी दिलेल्या जागेबद्दल.

ती जागा अंग चोरून बसण्याची आहे. कुठे एक वेगळी पदवी, कुठे ऐच्छिक विषय, कुठे सगळ्यांना सक्तीचा पण कुणीच मनावर न घेतलेला पेपर. ब्रुंटलांड आयोगाने १९८७ मध्ये केलेली शाश्वत विकासाची व्याख्या पाठ करायची, पर्यावरण, समाज आणि अर्थकारण अशी एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढायची, सौरऊर्जेचे फायदे-तोटे लिहायचे आणि पास व्हायचं. शेजारच्या वर्गात मशीन डिझाइन, काँक्रीट, रासायनिक प्रक्रिया, वस्त्रनिर्मिती हे विषय पूर्वीसारखेच चालू असतात. माझं म्हणणं असं की पर्यावरणावर पडणारा बोजा हा मजबुती, सुरक्षितता आणि खर्च यांच्या रांगेत बसणारा निकष आहे. तो प्रत्येक शाखेच्या मूळ विषयात, पहिल्या वर्षापासून, मार्कांसकट आला पाहिजे. त्याचा वेगळा पेपर काढला की बाकीच्या सगळ्या पेपरांना त्यातून सूट मिळते.

ही सूट किती महागात पडते ते पाहायला स्ट्रक्चरल डिझाइनच्या वर्गात जाऊ. विद्यार्थ्याला एक तुळई डिझाइन करायची आहे. तो भार काढतो, वाकण्याचा जोर काढतो, कातरबल तपासतो, तक्त्यातून पोलादाचा एक सेक्शन, म्हणजे ठरावीक मापाचा तयार आकार, उचलतो, झोल मर्यादेत आहे का ते बघतो आणि शेवटी ‘सुरक्षित’ असं लिहून खाली दोन रेघा मारतो. सेक्शन गरजेच्या दुप्पट जड असला तरी उत्तर बरोबरच धरलं जातं, कारण प्रश्नात विचारलंच होतं ‘सुरक्षित आहे का?’ पुढे हाच विद्यार्थी नोकरीला लागतो. मजल्यावर सगळ्यात जास्त भार येणारी तुळई शोधतो, तिचा सेक्शन ठरवतो आणि तोच सेक्शन मजलाभर लावतो. वेळ वाचतो, साइटवर चुकीची तुळई चुकीच्या जागी बसण्याची भीती राहत नाही, तपासणाऱ्यालाही सोपं जातं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २३ इमारतींमधल्या दहा हजारांहून जास्त पोलादी तुळयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तुळयांची सरासरी निम्मी क्षमतासुद्धा वापरात येत नव्हती. सुरक्षिततेसाठी जी जादा ताकद ठेवायची ती नियमावलीने आधीच धरलेली असते. हे पोलाद तिच्याही वरचं.

झोतभट्टीतून एक टन पोलाद काढताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात पोलादाचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे आणि सिमेंटचाही जवळपास तेवढाच. हे लक्षात घेतलं की तुळईचा आकार ठरवणारा तो तक्ता आणि त्यावर टेकलेलं विद्यार्थ्याचं बोट हीच खरी पर्यावरणाची जागा आहे, हे कळतं. त्याच इमारतीच्या छपरावर पुढे सौर पॅनेलं बसतात, दर्शनी भिंतीवर वेली चढतात, हरित प्रमाणपत्राची पाटी लागते. त्यातलं काहीच वाईट नाही. पण न लागणारं निम्मं पोलाद आत तसंच राहतं आणि ते तिथे कसं आलं हे शिकवणारा वर्ग ‘हरित’ विभागात भरतच नाही.

सिमेंटचं उदाहरण तर शाळेच्या रसायनशास्त्रापर्यंत मागे जातं. चुनखडी तापवली की चुना मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे समीकरण सगळ्यांनी लिहिलेलं असतं. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो वायू. सिमेंटची भट्टी जवळजवळ १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, त्यासाठी जळणाऱ्या इंधनाचा धूर वेगळा. पण सिमेंटच्या उत्सर्जनाचा मोठा भाग, साधारण साठ टक्के, या एका समीकरणातून येतो. म्हणजे उद्या भट्टी पूर्णपणे सौरऊर्जेवर चालवली तरी ते ४४ किलो सुटणारच. ते कमी करायचं तर सिमेंटची घडणच बदलावी लागते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रज्ञान संस्थेत कॅरेन स्क्रिव्हेनर आणि त्यांच्या क्यूबातल्या व भारतातल्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. क्लिंकरचं, म्हणजे दळल्यावर ज्याचं सिमेंट होतं त्या भट्टीतल्या गोळ्यांचं, प्रमाण निम्म्यावर आणून उरलेली जागा भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडीची पूड यांनी भरली. एलसी३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिमेंटचं उत्सर्जन नेहमीच्या सिमेंटपेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी कमी असतं. हे काम बांधकाम-साहित्याच्या सूक्ष्मरचनेत आयुष्य घालवलेल्या लोकांनी केलं. क्लिंकरमध्ये काय घडतं हे ज्याला आतून ठाऊक नाही, त्याच्या हातात कितीही हिरवी पदवी दिली तरी ही वाट त्याला सापडली नसती. म्हणूनच मूळ विषयाचा पाया कमी करून त्याजागी शाश्वततेचे सर्वसाधारण धडे घालणाऱ्या अभ्यासक्रमांची मला काळजी वाटते. मुलगा प्रश्न ओळखायला शिकतो, पण तो सोडवायची अवजारं त्याच्या हाती येत नाहीत.

उलट बाजूही आहे. अवजारांत पारंगत पण प्रश्नच न पडणारा माणूस काय करू शकतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाचं. १९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. ते गळले की माणसं दगावत. विषारी नसलेला, पेट न घेणारा वायू शोधा, असं काम मिजली यांच्याकडे आलं आणि १९२८ मध्ये त्यांच्या गटाने क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणला. जे मागितलं होतं ते त्यांनी अचूक दिलं. जवळजवळ अर्धं शतक कुणाला त्यात खोट दिसली नाही. मग मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी एक साधा प्रश्न विचारला: हा वायू इतका स्थिर आहे, तर वातावरणात गेल्यावर त्याचं पुढे होतं काय? १९७४ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं की तो वर चढत ओझोनच्या थरापर्यंत जातो आणि तिथे अतिनील किरणांनी फुटून ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जगासमोर आलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. त्यानंतर कारखान्यांनी ओझोनला धक्का न लावणारे हायड्रोफ्लुरोकार्बन वापरायला घेतले. त्यांतल्या काहींची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त निघाली. तेही कमी करायचं ठरलं ते २०१६ मध्ये, रवांडातल्या किगालीत.

मला या कथेतून मिजलींना दोष द्यायचा नाही. त्यांना दिलेल्या गणितात वातावरण नव्हतंच. ‘हे पुढे कुठे जातं?’ हा प्रश्न त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हता, त्यांच्या मालकांच्या मागणीचाही नव्हता. आज आपण तीच चूक जाणूनबुजून करतो. रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी रिॲक्टरचं गणित एका वर्गात करतो आणि त्यातून निघणाऱ्या सांडपाण्याचा विचार दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या शिक्षकांकडे. पॉल अनास्तस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं की कचरा तयार करून मग तो साफ करण्यापेक्षा तो तयारच होऊ न देणं बरं. हे तत्त्व पाळायचं तर ते अभिक्रिया निवडतानाच पाळावं लागतं. दोन सेमिस्टरनंतर ते कळून काय उपयोग?

मूळ विषयात हा निकष आणायचा म्हणजे काय करायचं? सगळ्यात आधी मोजायला शिकवायचं. वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडण्याची रीत, जिला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, आज आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकात बसवलेली आहे. खाणीतून माल काढण्यापासून वस्तू टाकून देईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय आत गेलं आणि काय बाहेर आलं, ते मांडायचं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण एकदा हात घातला की मुलांच्या पक्क्या समजुती डोळ्यांदेखत हलतात.

पिशवीचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की तापमानवाढीच्या मापाने सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती १३१ वेळा वापरावी लागते. घरोघरी प्लास्टिकची प्रत्येक पिशवी पुढे कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लावली जाते असं धरलं, तर हा आकडा ३२७ वर जातो. वर्गात हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: म्हणजे प्लास्टिकच बरं! खरं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. हिशेबात कापसाची शेती, सूत, विणकाम धरलेलं आहे; पण गटारात तुंबलेली, समुद्रात गेलेली, जनावरांच्या पोटात सापडलेली प्लास्टिकची पिशवी त्यात कुठे आहे? त्या अभ्यासाने उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचे परिणाम मोजलेलेच नाहीत. मोजमापाचं एकक ‘तापमानवाढ’ ऐवजी ‘पाणी’ घेतलं तर काय होईल? पिशवी जुन्या चादरीची शिवली तर? असे तास-दोन तास गेले की विद्यार्थ्याला दोन गोष्टी एकदम कळतात. आकड्याशिवाय बोलणं पोकळ असतं, आणि कुठलाही आकडा कुणीतरी आखलेल्या कुंपणाच्या आतला असतो. ही दुहेरी समज ज्याला आली त्याला जाहिरातीतला हिरवा रंग सहजासहजी फसवू शकत नाही. मला विचाराल तर या एका कौशल्यासाठी आख्खं सेमिस्टर खर्चायची माझी तयारी आहे.

मोजण्याची हिंमत कॉलेजने स्वतःबद्दलही दाखवायला हवी. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजने २००० साली पर्यावरण-अभ्यासासाठी एक इमारत उघडली. विल्यम मॅक्डोनो यांच्यासारखा नामवंत वास्तुरचनाकार, छपरावर सौर पॅनेलं, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पती. तिचं जगभर कौतुक झालं. त्याच कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी विजेचे आकडे तपासले आणि इमारत सांगितलं जातं त्यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा वापरते, असं लिहून प्रसिद्ध केलं. वाद झाला. पुढे इमारतीच्या यंत्रणेत सुधारणा झाल्या आणि २००६ मध्ये पार्किंगवर आणखी पॅनेलं उभी राहिली. या प्रकरणात इमारतीइतकंच, किंबहुना जास्त, शिकण्यासारखं त्या तपासणीत आहे असं मला वाटतं. आपल्या संस्थेचं कौतुक चाललेलं असताना मीटरकडे बोट दाखवणारा शिक्षक ज्या विद्यार्थ्यांनी पाहिला, त्यांना वेगळ्या नीतिशास्त्राच्या तासाची गरज उरत नाही. प्रत्येक कॉलेजात वीज, पाणी, कचरा, प्रयोगशाळेतली रसायनं यांचे आकडे कुठल्यातरी कपाटात पडलेले असतात. ते विद्यार्थ्यांसाठी उघडले तर प्रॅक्टिकलला वर्षभर पुरेल एवढा माल मिळेल, तोही खरा.

गोष्टींनी भारावून न जाता यंत्रणा समजून घेणं हाही याच शिस्तीचा भाग. हरारेमधलं ईस्टगेट सेंटर, १९९६ मध्ये पूर्ण झालेलं, जवळपास प्रत्येक शाश्वत-रचनेच्या वर्गात दाखवतात: वाळवीच्या वारुळावरून सुचलेली, नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय थंड राहणारी इमारत. इमारत खरोखरच उत्तम चालते. पण वारुळात गरम हवा वर चढून थंडावा येतो, ही जी कल्पना तिच्यामागे सांगितली जाते, ती वारुळांचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांना प्रत्यक्ष मोजमापात तशी आढळली नाही. वारूळ हे धुराड्यापेक्षा फुप्फुसासारखं, हवेची देवाणघेवाण करणारं निघालं. मग इमारत चालते कशी? रात्रीची गार हवा पंख्यांनी खेळवून जड काँक्रीट आणि विटांमध्ये थंडावा साठवायचा आणि दिवसभर तो पुरवायचा, हे उष्णतेचं गणित वास्तुरचनाकार मिक पियर्स आणि त्यांच्या अभियंत्यांनी बरोबर जमवलं म्हणून. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असलेल्या हवेत हे जमतं, दमट आणि रात्रीही उकडणाऱ्या हवेत तेवढं जमत नाही. वारुळाचं चित्र पाहून गेलेला विद्यार्थी चुकीच्या गावात तीच इमारत बांधेल. उष्णता साठवण्याचं गणित शिकलेला बांधणार नाही.

मोजण्याच्या जोडीला खोलून पाहणंही हवं. डिझाइन शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक कॉलेजात वस्तू जोडायची कार्यशाळा असते, सुटी करायची फारशी नसते. कानात घालायची बिनतारी बोंडं एखाद्या प्रॅक्टिकलला टेबलावर ठेवून बघा. एकही स्क्रू नाही. कवच गोंदाने बंद. ते चिमट्याने फोडावं लागतं, आणि फोडलं की पुन्हा बसत नाही. आत हरभऱ्याएवढी बॅटरी, काही शे वेळा चार्ज झाल्यावर थकणारी आणि बदलता न येणारी. म्हणजे स्पीकर, मायक्रोफोन, चिप सगळं ठणठणीत असताना वस्तू मरते ती बॅटरीमुळे, आणि हे मरण डिझाइनच्या फलकावर कुणीतरी ठरवलेलं असतं. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. या आकड्याने मुलं गप्प होतात. पण ते फुटलेलं कवच हातात घेऊन ती लगेच कागद ओढतात आणि स्क्रू कुठे बसवता येईल ते काढायला लागतात. मला तो कागद हवा आहे.

हरित तंत्रज्ञानही या टेबलावर आलं पाहिजे, कारण त्यालाही माफी नाही. सौर पॅनेलमध्ये काच, त्याखाली पारदर्शक प्लास्टिकचा थर, मग सिलिकॉनचे सेल, पुन्हा तोच थर आणि मागे प्लास्टिकचं अस्तर असं सगळं उष्णता व दाब देऊन एकजीव केलेलं असतं. त्या चिकट थरामुळेच पॅनेल पंचवीस वर्षं ऊन-पावसात टिकतं. आणि त्याच थरामुळे ते आयुष्याच्या शेवटी सुटं करणं इतकं अवघड होऊन बसतं. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत टाकाऊ पॅनेलांचा ढीग ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत जाऊ शकतो. पवनचक्कीच्या पात्यांचीही गत तीच: हलकी आणि चिवट असावीत म्हणून काचतंतू आणि राळ यांचं मिश्रण वापरायचं, आणि मग ते वेगळं करता येत नाही म्हणून पाती पुरायची. सौर आणि पवन ऊर्जा नको, असं मी अजिबात म्हणत नाही. त्या हव्यातच आणि लवकर हव्यात. टिकाऊपणा आणि सुटेपणा यांतली ही ओढाताण सोडवणं हे पुढच्या पिढीच्या अभियंत्यांचं खरंखुरं काम आहे आणि ते साहित्यशास्त्राच्या वर्गात सुरू होतं, हे मला म्हणायचं आहे.

माणसांचा विचारही इथेच करायला हवा, कारण तंत्रज्ञान कितीही सोज्वळ असलं तरी ते कुणाच्यातरी हाताने चालतं. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या प्लेपंपची कथा यासाठी शिकवावी. मुलं चक्रावर खेळणार, त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी वरच्या टाकीत चढणार. वीज नको, इंधन नको, आणि वर मुलांचा आनंद. २००६ मध्ये त्याला मोठमोठ्या देणग्या मिळाल्या. प्रत्यक्षात मुलं चोवीस तास खेळत नाहीत. पाणी हवं असेल तेव्हा बायकांना ते जड चक्र हाताने रेटावं लागलं, बिघडल्यावर दुरुस्त करणारं जवळ कुणी नव्हतं, आणि काही गावांत तर चालू हातपंप काढून त्याजागी हे बसवलेलं होतं. २०१० च्या सुमारास तो कार्यक्रम गुंडाळला गेला. कागदावर या पंपात खोट काढणं अवघड होतं. पाणी कोण भरतं, किती वाजता भरतं, हे पाहायला कुणी डिझाइनर पहाटे त्या विहिरीवर उभा राहिला असता तर खोट एका दिवसात दिसली असती. असं उभं राहणं शिकवावं लागतं, आणि त्यासाठी समाजशास्त्राच्या शिक्षकाला अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टमध्ये बरोबरीचं स्थान द्यावं लागतं.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. अभ्यासक्रम आधीच ठासून भरलेला आहे, हा पहिला. पण मी नवा धडा मागत नाहीये, जुन्या गणिताला एक ओळ जोडायला सांगतोय. तुळई सुरक्षित आहे हे दाखवल्यावर तिचं वजन काढायचं, त्याला दर किलो पोलादामागे सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे थोडक्यात ‘कार्बन’च्या, आकड्याने गुणायचं आणि पुढचा हलका सेक्शन चालेल का ते बघायचं. बांधकाम-साहित्यासाठी असे आकडे ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात सुरू झालेल्या कोशासारख्या ठिकाणी तयार मिळतात. काँक्रीटच्या मिश्रणाच्या गणितात एका घनमीटरला साधारण ३५० किलो सिमेंट धरलं तर त्याचा कार्बन ३०० किलोच्या आसपास जातो. काही सिमेंटच्या जागी धातुमळी किंवा कोळशाची राख घालून तो किती उतरला, हे त्याच पानावर मांडता येतं. यासाठी जादा तास लागत नाही. ती ओळ महत्त्वाची आहे असं मानणारा शिक्षक लागतो.

दुसरा आक्षेप असा की तज्ज्ञही लागतातच. मान्य. ऊर्जेचं ऑडिट करणारे, जीवनचक्राची मोठी प्रारूपं बांधणारे, धोरणं लिहिणारे लोक हवेत आणि त्यांच्यासाठी वेगळं प्रगत शिक्षण हवं. ते पदवीनंतर द्यावं, एखाद्या शाखेचं खोड पक्कं झाल्यावर. बारावी होऊन थेट ‘हरित’ पदवीला जाऊ पाहणाऱ्या मुलीने माझा सल्ला विचारला तर मी तिला सांगेन, आधी विद्युत, यंत्र, रसायन, स्थापत्य, वस्त्र यांतलं एक काहीतरी मुळापासून शीक. त्यातच तुला तुझा प्रश्न भेटेल. अनुदानं आणि धोरणं बदलली की हिरव्या पाट्यांच्या नोकऱ्या हलतात. मोटरची कार्यक्षमता वाढवता येणारा माणूस हलत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे: नव्याने कामाला लागलेल्या मुलाच्या हातात निर्णय असतात कुठे? तो कार्बनचा आकडा काढेल आणि साहेब बाजूला सारतील. होईल असं, पुष्कळदा होईल. तरीही आकडा टेबलावर ठेवलेला असणं आणि नसणं यात फरक आहे, आणि कायदेही त्या दिशेने सरकू लागले आहेत. डेन्मार्कमध्ये २०२३ पासून नव्या इमारतीच्या जीवनचक्राचा हिशेब देणं बंधनकारक झालं आणि हजार चौरस मीटरहून मोठ्या इमारतींना दर चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो उत्सर्जनाची मर्यादा घातली गेली. फ्रान्सने २०२२ पासून नव्या घरांसाठी असाच नियम आणला. युरोपीय संघात २०२१ पासून फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे सुटे भाग सात ते दहा वर्षं पुरवावे लागतात. जिथे असे नियम आले, तिथे हा हिशेब येणं हे आता सद्गुण वगैरे राहिलेलं नाही. तो न येणारा माणूस कामाचा राहत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाच नियम शिकवणार नाही आणि तीही शिकवायला हवी: ‘हे बनवायलाच नको’ असं म्हणता येणं. विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं की वाफेची इंजिनं सुधारली, त्याच कामाला कोळसा कमी लागू लागला आणि त्यामुळे एकूण कोळसा जास्त जाळला गेला. स्वस्त झालेली ताकद नव्या कामांना जुंपली गेली. कार्यक्षमतेवर सगळी भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक हरित अभ्यासक्रमाला हा प्रश्न आजही चुकवता आलेला नाही. डिझाइनच्या प्रोजेक्टमध्ये आपण विद्यार्थ्याकडून नेहमी वस्तूच मागतो. जुनी इमारत पाडू नका, डागडुजी करून वापरा. नवं उपकरण नको, आहे ते चार घरांत वाटून वापरा. असं सप्रमाण मांडणाऱ्या गटाला पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत. आज मिळत नाहीत, कारण त्यांच्याकडे दाखवायला मॉडेल नसतं.

म्हणून सुरुवात मला परीक्षेपासून हवी आहे. मुलं मार्कांच्या मागे जातात ही काही त्यांची खोड नव्हे. वर्षानुवर्षं आपणच त्यांना ते शिकवलेलं असतं. नवी पदवी काढायला मंजुरी लागते, इमारत लागते, जाहिरात लागते. प्रश्नपत्रिकेत एक उपप्रश्न वाढवायला विभागातल्या दोन शिक्षकांनी ठरवलं तरी पुरे. ‘तुळई डिझाइन करा’ याच्याखाली ‘तिचा कार्बन काढा आणि तो वीस टक्क्यांनी कमी करून दाखवा’. ‘फ्रिजसाठी वायू निवडा’ याच्याखाली ‘तो गळाला तर कुठे जाईल ते लिहा’. अंतिम वर्षाच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत्येक गटाला, मग तो कुठल्याही शाखेचा असो, एवढं विचारावं: ही वस्तू बिघडली तर ती कोण उघडेल, कशाने उघडेल, आणि आतलं काय काय परत वापरता येईल? ज्या गटाला उत्तर देता येणार नाही, त्याचं प्रोजेक्ट अपुरं धरावं आणि ते पुरं करायला आणखी महिनाभर द्यावा.